मुलांच्या डोळ्यांपुढची अंधारी

आंधळी कोशिंबीर हा खेळ ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. ज्याच्यावर राज्य येते त्याच्या डोळ्यांवर आईची ओढणी नाहीतर आजोबांचे उपरणे बांधायचे, त्याला दोन गिरक्या द्यायच्या आणि सोडून द्यायचे. पट्टी बांधलेले पोर चाचपडते, खुर्चीला अडखळते, पण हसत असते. कारण गाठ सोडली की सारे जग पुन्हा जागच्या जागी दिसणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

परंतु कधी कधी अशी पट्टी कोणी न बांधताही मुलाच्या डोळ्यांवर येते. ती काही क्षण टिकते, कधी काही तास, तर कधी रोज दिवेलागणीला येऊन सकाळी जाते. पुष्कळदा ती आपोआप सुटते, कधी औषधाने सुटते आणि कधी गाठ वेळेवर न सोडल्यामुळे कायमची बसते. म्हणूनच 'तात्पुरते' हा शब्द या बाबतीत मोठा फसवा आहे. दृष्टी परत आल्यावर मागे वळून तो उच्चारायचा. दुखणे तात्पुरते ठरते की जन्माचे, हे बऱ्याच वेळा दुखण्याच्या नावापेक्षा ते घरातल्या कोणाच्या किती लवकर ध्यानात आले यावर अवलंबून असते.

मराठी शिकवणाऱ्याने डोळ्यांच्या विकारांत नाक खुपसावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. डॉक्टरांचे काम डॉक्टरांनीच करावे, यात शंका नाही. पण मूल डॉक्टरांच्या भाषेत बोलत नाही; ते घरच्या भाषेत बोलते. आणि आपल्या घरच्या भाषेने या गोष्टींची नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे. अंधारी येणे, काजवे चमकणे, डोळे दिपणे, रातांधळे होणे. आपण हे शब्द कसेही वापरतो. पण नीट पाहिले तर प्रत्येकामागचे कारण वेगळे आहे आणि उपायही वेगळा.

अंधारीपासून सुरुवात करू. सकाळी उपाशीपोटी शाळेत गेलेली मुलगी प्रार्थनेला बराच वेळ उन्हात उभी राहते, डोळ्यांपुढे काळे पसरते आणि ती मटकन खाली बसते. पायांत साचलेले रक्त क्षणभर डोळ्यांना आणि मेंदूला पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिला आडवे निजवून पाय जरा उंच ठेवले की मिनिटभरात दिसू लागते. सकाळची न्याहारी आणि पुरेसे पाणी हेच त्यावर औषध. वारंवार असे झाले तर मात्र रक्त तपासून घ्यावे.

पण याच अंधारीचा एक वाईट भाऊ आहे. मूल खाली वाकले, उठले, खोकले की दोन-चार क्षण काळोख, असे दिवसातून अनेकदा होते. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखते, ओकारी होते, एकाच्या दोन वस्तू दिसतात. ही लक्षणे कवटीतला दाब वाढल्याची असू शकतात. दृष्टीची शीर त्या दाबाने सुजते आणि दाब तसाच राहिला तर सुकू लागते. अशा वेळी 'जरा अशक्तपणा असेल' म्हणून टॉनिकची बाटली आणू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता काजवे. डोक्याला मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे आपण कथा-कादंबऱ्यांतून वाचतो. ते खरेच आहे. आपण पाहतो डोळ्यांनी, पण दिसते ते मेंदूच्या मागच्या भागात. झोपाळ्यावरून उताणे पडलेले मूल कधी कधी उठून बसते, बोलते, आणि थोड्या वेळाने म्हणते, 'आई, मला दिसत नाही.' डोळे तर चांगले उघडे असतात. आईच्या काळजाचे पाणी होते. बहुतेक वेळा काही मिनिटांत वा तासांत दृष्टी पूर्ववत होते; पण आत रक्तस्राव झाला आहे की नाही, हे कोणत्याही आजीला वा मामाला बाहेरून कळणार नाही. दिसू लागले तरी मुलाला रुग्णालयात न्यायचेच.

चेंडू थेट डोळ्यावर बसला तर आणखी एक प्रकार होतो. बुबुळाच्या मागे रक्त उतरते आणि सगळे धूसर दिसते. विश्रांती व औषधाने ते रक्त जिरते, दृष्टी मोकळी होते. पण पहिल्या चार-पाच दिवसांत मूल पुन्हा धावले-उड्या मारल्या तर दुसऱ्यांदा रक्त येण्याचे भय असते. बरे वाटते आहे म्हणून त्याला मैदानावर सोडणे हीच इथली चूक.

मार न लागताही काजवे दिसतात. त्याला आपल्याकडे अर्धशिशी हा जुना, नेमका शब्द आहे. ती मुलांनाही होते. पुस्तकातल्या ओळीची एक बाजू पुसल्यासारखी दिसते, कडेने नागमोडी चमचमती रेघ सरकते, वीस-तीस मिनिटांत ते सारे जाते आणि मग डोके ठणकू लागते. कित्येक मुलांना डोकेदुखीऐवजी मळमळते. चौकशी केली तर आईला किंवा मावशीला तोच त्रास निघतो. पहिल्या वेळी तपासणी आवश्यक. एकदा निदान झाले की जागरण, उपास आणि उन्हातले हिंडणे टाळून बरेच निभावते.

दोन गोष्टींचा उल्लेख इथेच करून पुढे जातो. ताप येऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी एखाद्या मुलाची नजर एकदोन दिवसांतच झपाट्याने उतरते, डोळा फिरवताना दुखते; ती दृष्टीच्या शिरेची सूज असते आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुलांची दृष्टी चांगली परतते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. परीक्षा, नवी शाळा, घरातले भांडण अशा ताणाखाली एखाद्या मुलाला खरोखरच दिसेनासे होते, आणि तपासावे तर डोळे निर्दोष! घरचे म्हणतात, सोंग आहे. ते सोंग नव्हे. मनावरचा भार डोळ्यांवाटे बाहेर पडलेला असतो, आणि भार हलका झाला की दृष्टी परत येते. मात्र 'हे मनाचे आहे' असे म्हणण्याचा अधिकार सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांचा, आपला नव्हे.

डोळे दिपणे हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. वैभव पाहून डोळे दिपतात, लग्नाचा थाट पाहून दिपतात. आमच्या नाशिककरांनी २०२३ साली या शब्दाचा दुसरा अर्थ पाहिला. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. वाकडी बारवेपासून गोदाघाटाकडे जाणाऱ्या विसर्जन मिरवणुकीचा थाट इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पूर्वी त्या वाटेवर गॅसबत्त्या असत. आता प्रखर लेझरचे झोत फिरतात. त्या उत्सवानंतर काही दिवसांतच शहरातील नेत्रतज्ज्ञांकडे असे तरुण येऊ लागले, की ज्यांना नजरेच्या मधोमध काळा डाग दिसत होता. मिरवणुकीतील लेझरकडे पाहिल्याचे त्यांनी सांगितले. पडद्यावर भाजल्याच्या आणि रक्तस्रावाच्या खुणा होत्या. अशा रुग्णांची संख्या सहापर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या आणि मिरवणुकीत लेझर नको अशी मागणी इथल्या नेत्रतज्ज्ञांनी केली.

यातली कळीची गोष्ट अशी की डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही. बोटाला चटका बसला तर बोट आपण झटकन मागे घेतो. पडद्याला ती वेदनाच नाही. पापणी मिटायला लागणारा क्षणाचा चतुर्थांशही तीव्र लेझरला पुरेसा होतो. आणि बापाच्या खांद्यावर बसलेले मूल झोताच्या किती जवळ असते, याचा विचार आपण कधी केला आहे काय? त्याच्या डोळ्याचे भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असते, त्यामुळे प्रकाश आत अधिक जातो. बाजारात खेळणे म्हणून मिळणाऱ्या हिरव्या लेझर-कांडीलाही हेच लागू आहे.

सूर्यग्रहणाची गोष्ट याच जातीची. २०२२ सालच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्य ग्रासलेलाच मावळला होता. अनेक घरांच्या गच्चीवर त्या संध्याकाळी मुले होती. ग्रहणातला सूर्य मंद वाटतो म्हणून डोळा मिटावासा वाटत नाही आणि तेवढ्यात पडदा भाजतो. धूसरपणा काही तासांनी जाणवू लागतो. कित्येकांची नजर आठवड्यांनी-महिन्यांनी सुधारते, काहींच्या नजरेत ठिपका कायमचा राहतो. २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणात भारतातून सूर्य अंशतः झाकलेला दिसायचा आहे, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याच्या जाहीर कार्यक्रमानुसार नाशिकचे पहिले अमृतस्नान त्याच दिवशी आहे. ती सोमवती अमावास्या आहे. गोदेच्या घाटांवर लाखो माणसे आणि वर ग्रासलेला सूर्य! काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रेची फिल्म, उन्हाचा काळा चष्मा, पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही मुलांच्या डोळ्यांना सुरक्षित नाही. ग्रहणासाठी प्रमाणित केलेला चष्मा वापरावा. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि भिंतीवर पडलेली चंद्रकोरीसारखी सावली मुलांना दाखवावी. तीही मोठी मौजेची दिसते.

दिवाळीच्या अंकात दिवाळीबद्दल कडू बोलू नये असा संकेत आहे. तो क्षणभर मोडतो. २०२५ सालच्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातील इतर गावांत शंभराहून अधिक लोक, त्यांत बहुसंख्य मुले, डोळ्यांना इजा होऊन रुग्णालयात पोहोचली. कारण होते दीड-दोनशे रुपयांना मिळणारी 'कार्बाइड गन'. प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा, आत कॅल्शियम कार्बाइडचे खडे, थोडे पाणी आणि गॅस पेटवायचा लायटर. शेतातली वानरे पिटाळण्यासाठी हा जुगाड चालत असे; मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून तो मुलांच्या हाती आला. बार उडाला नाही की मूल नळीत डोकावते, आणि नेमका त्याच वेळी बार उडतो.

कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे उरतो तो चुना. म्हणजे एकाच स्फोटात आग आणि चुना दोन्ही डोळ्यांत. चुना हा डोळ्याचा मोठा वैरी. तो आत आत उतरत जातो. पानाच्या चुन्याची पुडी दाबता दाबता ती फुटून रांगत्या मुलाच्या डोळ्यांत गेल्याचे प्रसंग नेत्रतज्ज्ञांना चांगले परिचित आहेत. अशा वेळी पहिला डॉक्टर म्हणजे घरातला नळ. डोळा न चोळता, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि मगच रुग्णालयाची वाट धरावी. तूप, मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध यांतले काही घालू नये. मात्र फटाक्याने डोळ्याला जखम झाली असेल किंवा काही रुतले असेल तर तो धुऊही नये, दाबूही नये; वर कागदी पेल्यासारखे काही आच्छादन अलगद धरावे आणि तत्काळ निघावे. ही दोन वाक्ये कंदिलाच्या दोरीबरोबरच ध्यानात ठेवावीत.

आता रातांधळे. हा शब्द जितका जुना तितकेच त्याचे औषधही जुने आहे. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बोकडाचे यकृत सांगितले आहे. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय लेखांतही यकृतच आहे. का, ते कोणालाच ठाऊक नव्हते. अ जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अंधुक उजेडात पाहण्याचे द्रव्य त्यापासून डोळ्याच्या पडद्यात तयार होते, हे विसाव्या शतकात कळले. पहिल्या महायुद्धात डेन्मार्कचे लोणी परदेशी जात होते आणि गरिबांच्या मुलांना साय काढलेले दूध मिळत होते. त्या मुलांचे डोळे कोरडे पडून जाऊ लागले. कोपनहेगनच्या डॉ. ब्लॉक यांनी लोण्याशी असलेला त्याचा संबंध दाखवला. १९१७ च्या अखेरीस लोणी रेशनवर सर्वांना मिळू लागले आणि त्या देशातला तो रोग जवळजवळ थांबला.

आपल्याकडे हे काम १९७० साली सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधनाच्या आधारावर मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला डोस एक लाख एककांचा, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा, असे एकूण नऊ डोस अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात मिळतात. रातांधळेपणा वेळेवर ओळखला तर डोस दिल्यावर एकदोन दिवसांत मूल संध्याकाळी पुन्हा खेळू लागते. मात्र दुर्लक्ष झाले तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात, बुबुळ कोरडे पडून मऊ होते आणि मग जगातले कोणतेही यकृत कामाला येत नाही. डॉ. आल्फ्रेड सॉमर यांनी इंडोनेशियात आणखी एक भयंकर गोष्ट पाहिली. रातांधळ्या मुलांत मृत्यूचे प्रमाण इतर मुलांच्या कितीतरी पट होते. संध्याकाळी न दिसणे ही साऱ्या शरीराने दिलेली हाक होती.

हे सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरचे दुखणे, आमच्या कॉलेजरोडवरच्या फ्लॅटमध्ये त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु बिस्किटे, नूडल्स आणि वेफर्स यांवर वाढणारी मुले आता सुखवस्तू घरांतही आहेत, आणि अशा एकांगी खाण्याने नजर गेल्याची उदाहरणे श्रीमंत देशांतही नोंदली गेली आहेत. नाशिक जिल्ह्याची मेथी आणि कोथिंबीर रोज ट्रक भरभरून मुंबईला जाते. आणि इथल्या ताटात मुलगा वरणातली कोथिंबीर बोटाने वेचून कडेला ठेवतो! शेवग्याचा पाला, माठ, मेथी, गाजर, पपई, आंबा, अंड्याचा बलक, दूध यांतले काहीतरी रोज पोटात जावे, आणि भाजीवर तेलातुपाचा थेंब असावा. तेलातुपाशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या मात्र आणू नयेत. अ जीवनसत्त्व जास्त झाले तरी अपाय करते.

एवढे चार शब्द भाषेने दिले. पण एका दुखण्याला तिच्यापाशी शब्दच नव्हता, आणि मुलांच्या बाबतीत तेच सर्वांत दगाबाज आहे. डॉक्टर त्याला आता 'आळशी डोळा' म्हणतात. एका डोळ्याचा नंबर मोठा असतो किंवा तो किंचित तिरळा असतो. मेंदूला दोन न जुळणारी चित्रे नको असतात, म्हणून तो अंधूक चित्र बाजूला सारतो आणि एकाच डोळ्यावर काम भागवतो. दुसरा डोळा बाहेरून टवटवीत, पण कामावरून कमी केलेला. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत योग्य चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून त्या डोळ्याला पुन्हा कामावर घेता येते. त्यानंतर मेंदूची सवय मोडणे दिवसेंदिवस कठीण होते. तिरळेपणाला 'लक्ष्मीचे लक्षण' म्हणून गोंजारणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अशा मुलाने तक्रार का केली नाही, असे पालक विचारतात. तक्रार करायला आधी चांगले दिसणे म्हणजे काय ते माहीत असावे लागते. ज्याने जग एकाच डोळ्याने पाहिले, त्याला जग तसेच असते असे वाटते. फळ्यावरचे उतरवताना तो चुकतो, बाई 'धांदरट' म्हणतात. झेल सुटतो, मित्र हसतात. संध्याकाळी जिन्यावर घुटमळतो, काका 'भित्रा' म्हणतात. मूल हे सारे शब्द निमूटपणे स्वीकारते. कोणीही 'याला दिसते का?' असे विचारत नाही.

तेव्हा या सुट्टीत घरात आंधळी कोशिंबीर खेळाच, पण अर्धी. मुलाचा एक डोळा हाताने न दाबता झाका आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचायला सांगा; मग दुसरा झाका. एका बाजूला तो अडखळला, किंवा एक ठरावीक डोळा झाकला की रडून हात ढकलू लागला, तर ती जिद्द किंवा हट्ट नव्हे. दिवाळीचे फोटो काढाल तेव्हा तेही बारकाईने पाहा. फ्लॅशमध्ये दोन्ही बाहुल्या तांबड्या आणि एखादीच वारंवार पांढरी चमकत असेल तर एक दिवसही थांबू नका; त्यामागे जिवावरचे दुखणे असू शकते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांचे डोळे तपासले जातात. खासगी शाळेतल्या मुलांसाठी ही काळजी आईवडिलांनीच घ्यायची. तीन-चार वर्षांचे असताना एकदा आणि शाळेत घालण्यापूर्वी पुन्हा एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले की झाले. एका पैठणीच्या फॉलबिडिंगलाही याहून अधिक फेऱ्या होतात.

आपल्या भाषेत डोळ्यांवरून निघालेला आणखी एक शब्द आहे, कानाडोळा. तो मुलाला होत नाही, मोठ्यांना होतो. आणि या लेखात सांगितलेल्या बहुतेक दुखण्यांचे तात्पुरतेपण त्यानेच हिरावून घेतले जाते. पणत्या लावताना मुलांना जवळ बोलवा, कोणाचा हात वातीच्या बाजूला पडतो ते पाहा, आणि यंदाच्या फराळाबरोबर घरातल्या प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे, वेगवेगळे, एकदा तपासून घ्या.